घटातलं मूळ

॥ अंबाबाई प्रसन्न ॥

२० सप्टेंबर, शनिवार

आज आलं ते: वेळूची परडी एक, साठ रुपये. गेल्या साली पंचेचाळीस होती. वेळू एवढा महाग झाला का म्हणून विचारलं तर बुरूड म्हणाला, "आजी, वेळू न्हाई, हात महाग झालं." मातीचा घट, चाळीस. अखंड दिव्याला गोडेतेल दोन किलो, त्याचा दर लिहवत नाही. नाडा, कापूर, हळदकुंकू मिळून पस्तीस. घटात पेरायला सात धान्यं लागतात, पाच घरची निघाली. जव आणि करडई दुकानातून, दहा-दहाची. शेतातली काळी माती, फुकट.

आणि अकरा मुलं. त्यांचा खर्च फुटाणे पाव किलो.

मुलांना धनाजी गुरुजी घेऊन आले. शाळेत शनिवारी दप्तर नसतं, काहीतरी हातानं करायचं असतं. गुरुजी सोप्यात बसले आणि म्हणाले, "मनुआजी, पुस्तकात बी उगवायचं चित्र हाय. पोरांनी पाठ केलंय. पण खरं बी उगवताना एकानंबी बघितलं न्हाई."

मी म्हटलं, "शेतकऱ्याची पोरं आणि बी उगवताना बघितलं नाही?"

"सगळीकडं ऊस झाला की आजी. ऊस कांडीचा लावत्यात. बी कुठनं बघणार?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमचा माळाचा तुकडा सोडला तर चहूकडे ऊसच आहे.

त्यांचं म्हणणं, घट बसला की मुलांनी रोज शाळा सुटल्यावर यावं, कोंब किती आला ते पट्टीनं मोजावं, वहीत लिहावं. घट घरोघर बसतो, पण कुणी पोरं आत घेत नाही. मी जरा विचार केला. घट म्हणजे देव, ती काही प्रयोगाची परडी नव्हे. पण पूर्वी ह्याच घटावरून ठरायचं की यंदा काय पेरायचं. जे धान्य परडीत जोमात आलं, ते रानात. माझे सासरे असंच करायचे. म्हणजे देवाला हे नवीन नाही.

हो म्हटलं. अटी घातल्या: चपला बाहेर, हातपाय धुवून आत, घटाला हात लावायचा नाही.

"लांबनं मोजायचं व्हय?" चौथीतला विश्वजित म्हणाला. त्याला पहिल्या दिवसापासून तोंड आहे.

मुलं गेल्यावर फुटाण्यांची टरफलं झाडली. घर एकदम मोठं वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. पहिली माळ

घट बसला. तरवडाच्या फुलांची माळ घातली. यंदा तृतीया दोन दिवस आहे, म्हणून माळा दहा.

धान्य टाकताना मुलांना म्हटलं, नाव घेऊन टाका. विश्वजितनं ज्वारी टाकली आणि ज्वारीचंच नाव घेतलं. मी म्हटलं, "अरे, घरातल्या कुणाचं तरी." मग ज्यानं त्यानं मनात घेतलं. मी तानाजीचं घेतलं. दर साली घेते. एकुलता एक मुलगा, फौजेत, वर बर्फात उभा असतो. कुठे ते तो सांगत नाही, सांगायचं नसतं त्यांना.

संध्याकाळी त्याला फोन केला. घंटी शेवटपर्यंत वाजते आणि मग ती बाई म्हणते, उत्तर देत नाहीत. रेंज नसली की असंच होतं. नागपंचमीला आठ दिवस सुट्टीवर आला होता, तो गेल्यापासून रेंज नाही. तेव्हा चांगला होता. जेवताना म्हणाला, "आई, माळाचा तुकडा पडूनच हाय. सांगलीत दोन खोल्या बघितल्यात. तू सही दे." मी म्हटलं, "माझ्या माघारी काय करायचं ते कर. मी हाय तवर नको." त्यानं उठून स्वतःचं ताट स्वतः धुतलं. असं तो कधी करत नाही, मला कौतुक वाटलं. सकाळच्या गाडीनं पाया पडून गेला.

२४ सप्टेंबर, बुधवार. तिसरी माळ

मुलं आली. पट्टी लावून बसली. परडीत मातीच माती.

"कायच न्हाई की आजी," अपेक्षा म्हणाली. "बी किडकं हाय का?"

"माझ्या घरचं बी किडकं नसतं."

विश्वजितनं वहीत लिहिलं: शून्य. खाली सही केली. गुरुजींनी त्याला सांगितलंय की नोंद खरी पाहिजे.

एक राणी म्हणून तिसरीतली आहे. मेंढरंवाल्यांची. आईबाप मेंढरामागं फिरतात, ही शाळेसाठी आत्याकडे राहते. ती सगळ्यात शेवटी उठली. परडीशी डोकं लावून म्हणाली, "आजी, वर काय न्हाई, मग आत काय चाललंय?"

"आत आईसाहेबांचं काम चाललंय. ते आपण बघायचं नसतं."

"का?"

मी डबा उघडला. फुटाणे दिले.

२५ सप्टेंबर, गुरुवार. चौथी माळ

आज काय झालं ते लिहायचं नव्हतं, पण जमा लिहिते तर खर्चही लिहायला हवा.

सकाळी कोंब दिसले. शाळवाचे, म्हणजे आमच्या ज्वारीचे, आधी, सुईच्या टोकासारखे. मी हात जोडले. पोरं कधी येतात असं झालं होतं, दोनदा दारापर्यंत जाऊन आले.

आली. मोजलं. विश्वजितनं "चार मिलीमीटर" म्हणून आरोळी ठोकली. मी आत फुटाणे आणायला गेले. बाहेर आले तर राणी परडीपुढे उभी, चिमटीत शाळवाचा कोंब, मुळासकट. आणि चेहरा असा खुललेला.

"आजी! शेपटी हाय त्येला! कोंब केवडा आन् शेपटी केवडी, डबल!"

मला काय झालं मला कळलं नाही. तिचा दंड धरून मी गदागदा हलवलं. म्हटलं, "हा घट कुणाच्या नावाचा हाय ठावं हाय का तुला? माझं पोर बर्फात उभं हाय, आन् तू त्याचं मूळ उपटतीस? चला! निघा सगळी! परत पाऊल टाकू नका!"

ती रडली नाही. मूठ झाकली आणि गेली. तिच्यामागं बाकीची.

परडीत भोक पडलं होतं. बोटानं माती सारखी केली. तुपाचा वेगळा दिवा लावला, आईसाहेबांपुढे नाक घासलं. मग तानाजीला फोन. घंटी शेवटपर्यंत. परत. परत. चौथ्या वेळी सांगलीला सुनेला केला. क्रांती म्हणाली, "आई, ते बरे आहेत. काल रात्रीच बोललो आम्ही."

"काल रात्री? रेंज होती?"

ती म्हणाली, "हो. होती थोडी."

आईसाहेबांची कृपा. तिकडे सांगलीची रेंज लागते, आमच्या गावची लागत नाही. आमचा टॉवर डोंगराच्या आडाला आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कुणी आलं नाही. माळ घातली. फुटाणे परत डब्यात भरले.

संध्याकाळी धनाजी गुरुजी आले, दारातच उभे राहिले. "आजी, पोरीचं चुकलं."

मी वाती वळत राहिले.

"पर एक सांगू का? तिच्या त्या शेपटीमुळं आज वर्गात सगळ्यांनी मुळाचं चित्र काढलं. न बघता."

मग म्हणाले, उद्या मुलांना सांगलीला शेतीचं संग्रहालय बघायला न्यायचंय, गाडी ठरलीय, आणि भात शिजवणाऱ्या बाई मुलींसोबत येणार होत्या, त्यांना ताप आलाय. "तुमी याल का?"

मी म्हटलं, घट टाकून कशी येऊ. अखंड दिवा आहे.

ते गेल्यावर आठवलं की सांगलीला उत्कर्षा आहे. माझी नात. आठ वर्षांची. होळीला बघितली होती. शेजारच्या साळूबाईकडे गेले आणि विचारलं, एक दिवस दिवा बघशील का. ती म्हणाली, "दिवा बघीन, पर घटाला तुझी सवय झाली असंल त्याचं काय?" चेष्टा करते, पण तेल घालायला विसरणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. सातवी माळ

काल गेले. सगळं लिहिते. उपास होता, शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले, उत्कर्षासाठी वेगळे.

गाडीत पोरं आधी माझ्याकडे बघेनात. अपेक्षानं मला खिडकी दिली आणि स्वतः उभी राहिली, जशी मी कुणी मोठी साहेबीण. राणी पार मागं, शेवटच्या बाकड्यावर. तासगाव मागं पडलं. सांगली जवळ आल्यावर हळदीचा वास आला आणि विश्वजित ओरडला, "आजी, तुमच्या घरचा वास!" मग सगळी हसली. मीही.

संग्रहालय शहराच्या अलीकडे आहे, कुण्या ट्रस्टनं काढलेलं. मोट, बैलगाडी, धान्याच्या कणग्या, दगडी जाती, सगळं ओळीनं, पुढे दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडून बघायचं. आमच्याकडे अजून गोठ्यात पडलेली पाभर तिथं दिव्याखाली ठेवली होती. पाभर म्हणजे बी पेरायचं अवजार, वर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. त्यात मूठ सोडायची, नळ्यांतून बी खाली रानात उतरतं. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही. आमच्या पाभरीला ह्यांचा हात लागलेला आहे. हे जाऊन चार वर्षं झाली, रुमण्यावरचा, म्हणजे धरायच्या मुठीवरचा, गुळगुळीतपणा तसाच आहे.

मग एक खोली, तिथं मुलांना हात लावायची परवानगी. एक तरुण बाई शिकवायला. भिंतीशी एक काचेची पेटी होती. दोन काचांच्या फटीत माती भरलेली, त्यात शाळू पेरलेला. काचेतून खालचं सगळं दिसत होतं. पांढरी मुळं, केसासारखी, एकमेकांना चुकवत खाली चाललेली. कोंब वर बोटभर, मूळ खाली हातभर.

मी लग्न होऊन आल्यापासून पेरणी केली, दर साली घट बसवला. हे कधी बघितलं नव्हतं. किती वेळ उभी होते कोण जाणे. पोरं पुढे गेली. मग कुणीतरी पदराला लागलं. राणी.

"आजी, म्या म्हनलं हुतं न्हवं? शेपटी."

"हं."

बाई म्हणाल्या, "आधी मूळ सुटतं, मग कोंब. वर काही दिसत नाही तेव्हा खाली बरंच काही चाललेलं असतं."

मी त्यांना विचारलं, "हे उपटलं आणि परत लावलं, तर जगतं का?"

"कोवळं असेल आणि ओल असेल तर जगतं कधी कधी."

राणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचं जगलंय."

"कुठलं?"

"त्येच. म्या घरी न्हेऊन लावलं. डब्यात."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. का नाही ठेवला, ते आज सकाळपासून विचार करते आहे.

दुपारी, मी कळवलं होतं म्हणून, क्रांती उत्कर्षाला घेऊन आली. शाळेचे पांढरे बूट, दोन वेण्या. पोरगी उंच झाली. माझ्या पाया पडली, लाडू घेतला आणि म्हणाली, "आजी, पप्पा रोज रात्री मला व्हिडिओवर गोष्ट सांगतात. काल सशाची सांगितली."

"रोज?"

"रोज!"

क्रांती म्हणाली, "उत्कर्षा, पाणी पी आधी."

मी म्हटलं, "बरं झालं. लेकराला तरी रेंज लागते."

क्रांती खाली बघून पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिली. लागलेलंच झाकण.

मागच्या मोकळ्या रानात एक हलकी पाभर मुलांना ओढायला ठेवली होती. दोन मुलांनी बैल व्हायचं, एकानं हाकायचं, एकानं बी सोडायचं. विश्वजित बैल झाला आणि दुसरा बैल कोण यावर मारामारी. उत्कर्षा एकदम पुढे गेली. क्रांती ओरडली, "बूट!" तोवर ती मातीत होती.

गुरुजी म्हणाले, "आजी, चाड्यावर तुमी." मी राणीला पुढे घेतलं, तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. "घट्ट धरू नकोस, सैलही सोडू नकोस. करंगळीकडून सोड." तिचा हात गार होता. विश्वजित बैलासारखा हंबरला, उत्कर्षा हसून हसून वाकडी झाली, ओळ पार वाकडी पडली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाकडी पडली तरी उगवतं!"

क्रांतीनं फोटो काढला. म्हणाली, "ह्यांना पाठवते." पाठवला. थोड्या वेळानं मला दाखवलं, खाली दोन निळ्या रेघा आल्या होत्या. "म्हणजे बघितला त्यांनी."

"काय म्हणाला?"

"ड्यूटीवर असतील, आई."

येताना गाडीत राणी माझ्याशेजारी बसून झोपली. मी रस्ताभर निळ्या रेघांचा विचार करत होते. फोटोला रेंज लागली. माझा हात होता फोटोत, चेहराही होता.

दिवा तेवत होता. साळूबाईनं तेल जरा जास्तच घातलं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. नववी माळ

कडाकण्या, देवीच्या कडक गोड पुऱ्या, केल्या आणि घटावर बांधल्या. मुलांना निरोप धाडला होता, दहा आली. राणी नाही. विचारलं तर अपेक्षा म्हणाली, "तिची मानसं आल्यात मेंढरं घिऊन. दसऱ्यानंतर कोकनात खाली जानार. तीबी जानार."

"शाळा?"

"तिकडं जाऊन यील म्हनं, फाल्गुनात."

विश्वजितनं मोजलं. शाळू एकवीस सेंटीमीटर. सगळ्यात उंच. म्हणजे यंदा माळावर शाळूच पेरायचा, घटानं सांगितलं. पण पेरणार कोण? हे गेल्यापासून माळ पडूनच आहे. तानाजीचं म्हणणं त्या अर्थानं खोटं नव्हतं.

मुलं गेल्यावर आज फोन केला नाही. हातात घेतला होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घट उठवला. आला होता छान, वीतभराच्या वर, पण रंग पिवळा. आतल्या अंधारातला. दर साली तसाच येतो, आम्ही त्याला सोन्याचा रंग म्हणतो. गुरुजींच्या टोपीत खोवला, साळूबाईनं केसात घातला. मुलांनी आपट्याची पानं दिली, "सोनं घ्या आजी, सोनं घ्या," आणि एकानं तर दोन पानं देऊन एक परत मागितलं, आईला द्यायला कमी पडतंय म्हणून.

शेवटी राणी आली. नवं परकर-पोलकं, आणि हातात पाण्याची रिकामी बाटली, वरून कापलेली, मातीनं भरलेली. त्यात माझ्या घटातलं ते एक रोप. उंची माझ्या घटापेक्षा निम्मी. पण हिरवंगार, देठ जाड. मेंढरांच्या वाड्यावर उन्हात ठेवलेलं.

बाटली फिरवून दाखवली. प्लास्टिकला लागून मुळं, पांढरी, गोल फिरत खाली गेलेली.

"डब्यातनं ह्यात घातलं. आता उपटाया लागत न्हाई आजी. भायेरनं दिसतंय."

मी तिला जवळ घेतलं. आज हात थांबला नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी लय बोलले तुला."

"व्हय," ती म्हणाली. "लय बोलला." मग म्हणाली, "तुमच्या पोराला काय झालं न्हाई न्हवं?"

"न्हाई बाई. त्याला काय झालं न्हाई."

हे म्हणताना मला एकदम कळलं की मला हे ठाऊकच होतं. बरेच दिवस.

ती बाटली माझ्याकडेच ठेवून गेली. म्हणाली, "पानी घाला. म्या आल्यावर बगीन."

४ ऑक्टोबर, शनिवार

गोठ्यातली पाभर बाहेर काढली. धुतली, तेल लावलं. गुरुजींना निरोप दिला की संग्रहालय झालं, आता रान बघा. माळाच्या तुकड्यातला एक गुंठा मुलांना दिला. गुरुजींनी बैलजोडी मागून आणली होती, त्या बैलांनी अकरा मुलांपेक्षा जास्त दंगा केला.

पाभरीची ओटी भरायला दोन मुलींना पुढे घेतलं, अपेक्षा आणि राणी. पोरी म्हणजे देवीचंच रूप. चाड्यावर राणीची मूठ. ह्यांचं रुमणं गुरुजींनी धरलं आणि म्हणाले, "आजी, हे तर आरशासारखं गुळगुळीत हाय." मी म्हटलं, "धरा मग, लागणार नाही हाताला."

ओळी बऱ्यापैकी सरळ पडल्या. विश्वजितनं वहीत लिहिलं: पेरणी. उंची शून्य. सही.

खर्च: बी घरचं, बैलवाल्याला जेवण, पोरांना गूळ-शेंगदाणे. लिहिते म्हणून लिहिलं. हा खर्च नव्हे.

उद्या पहाटे राणीची माणसं निघणार.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाडा काल गेला. माळावरून जाताना मेंढरांची घंटा ऐकू आली, मी बाटली उचलून दारात उभी राहिले. दिसली की नाही तिला, कोण जाणे.

आज तानाजीला पत्र लिहिलं. नक्कल इथं उतरून ठेवते.

चि. तानाजीस आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. तुझी तब्येत सांभाळून असावी.

पत्र विशेष कारणाचे आहे असे नाही. सोबत शाळवाचे एक पान पाठवते आहे. घटातले नेहमीचे पिवळे नव्हे. घटातून एका पोरीने मूळ बघायला म्हणून उपटले होते, तिने ते उन्हात लावून जगवले, त्याचे आहे. पोचेपर्यंत वाळेल, पण निघताना हिरवे होते हे तू धरून चाल.

माळावर एक गुंठा शाळू पेरला आहे. शाळेच्या मुलांनी. तुझ्या वडिलांची पाभर अजून चालते. उत्कर्षा सांगलीत पाभरीला बैल झाली होती, तो फोटो तू बघितलास असे क्रांती म्हणाली. ओळ वाकडी पडली होती ती माझ्यामुळे नव्हे.

माळाबद्दल तू नागपंचमीला बोललास, तेव्हा मी एका शब्दात तोडले. ते बोलणे अर्धेच राहिले. मी आज हो लिहीत नाही, नाहीही लिहीत नाही. कापणीला ये, उरलेले बोलणे रानात बसून करू. ताट मी धुईन.

रेंजचे मी काही विचारत नाही. आता फोनही करणार नाही. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून कागद पाठवते. आत परतीचे पाकीट घातले आहे, तिकीट लावलेले, पत्ता माझ्या हाताने घातलेला. काही सुचले नाही तर "पोचले" एवढेच लिही. पण उलट टपाली कळव.